पाचवी नोंद

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ११.२०

फाइलीच्या पाठीवर नावाची पट्टी चिकटवत होतो. तिसऱ्यांदा. दोनदा तिरकी बसली. शेवटच्या बाकावरची मुलगी भेटीसाठी आली, दारात उभी राहून बघत राहिली, मग नेहमीसारखी फाटक्या नकाशांपाशी जाऊन बसली. नकाशांची खोली हाच आमचा समुपदेशन कक्ष. पाटी मीच लिहिली, 'समुपदेशन' हा शब्द चार वेळा तपासून.

सहावीत आहे. शाळेत कुणाशीच बोलत नाही. घरी बोलते म्हणे. मी विचारतो, ती नकाशांच्या कडांना चिकटपट्टी लावते. तास संपतो. आज सातवी भेट. प्रगतीच्या रकान्यात लिहिलं — 'नाही'. सातव्यांदा.

समुपदेशकाच्या प्रमाणपत्रासाठी फाइलीत पाच मुलांच्या नोंदी लागतात. चार झाल्या. पाचवी हिची. २६ तारखेला फाइल जमा करायची. एक नोंद जरी कमी पडली तरी पुढचं वर्षभर थांबा!

बुधवार, ५ फेब्रुवारी

फाइल बघून ताई म्हणाली, "लग्नाच्या मुलीला कुणी एवढं नटवत नाही!" आई म्हणाली, "नटवू दे गं. तेविसाव्या वर्षी दहावी पास झालाय तो. कागदाची किंमत त्यालाच ठाऊक." मग दोघी हसल्या. मीही हसलो. पण कागदाला भोकं पाडण्याआधी पट्टीनं दोनदा मोजतोच.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आठवी भेट. 'नाही'.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

वर्गशिक्षिकांकडे गेलो, हजेरीपट बघायला. नोंदीत हजेरीची टक्केवारी लागते म्हणून. दुसरं काहीही मनात नव्हतं. त्या म्हणाल्या, "ती? आठवड्यातून दोन-तीन दांड्या ठरलेल्या. काय मिळणार तुम्हाला त्यात?"

पट्टी धरून तिची ओळ वाचली. सोमवार गैरहजर. बुधवार गैरहजर. शुक्रवार गैरहजर. पण आमच्या भेटी सुरू झाल्यापासून एकही मंगळवार चुकलेला नाही. त्याआधी मंगळवारीसुद्धा दांड्याच! पुन्हा मोजलं. एका आठवड्यात सोमवारी तापाची रजा, बुधवारी तापाची रजा — आणि मधल्या मंगळवारी हजर.

ताप अंगात घेऊन आली होती. चिकटपट्टी लावायला! आणि मी त्या दिवशी लिहिलं — 'नाही'.

शिपाईकाका म्हणाले, "काय हो, हजेरीपटात भूत दिसलं का?" भूत कसलं! पण अंगावर काटा आला तो जाईना.

सोमवार, १७ फेब्रुवारी

मार्गदर्शक बाईंनी पाचवी नोंद दोनदा वाचली. इतकं चांगलं मी आजवर काही लिहिलेलं नाही. सगळं एका पानात, तारखांसकट. बाईंनी चष्मा काढला.

"सुंदर आहे. पण नाव खोडलंस आणि मुलगी तशीच उभी ठेवलीस. सहावी, नकाशे, मंगळवार. शाळेतला कुणीही ओळखेल."

"तिच्या आईची सही आहे, बाई."

"मुलीला विचारलंस?"

"ती बोलत नाही."

"म्हणून विचारायचं नाही?"

परत येताना आठवलं — नववीत माझं नाव शाळेतून काढायचं मोठ्यांनी ठरवलं, तेव्हा मीही त्याच खोलीत बसलो होतो; मला कुणी विचारलं नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

विचारलं नाही. तिनं आडवी मान हलवली तर फाइल गेली. भित्री भागूबाई!

मंगळवार, २५ फेब्रुवारी. दुपारी १२.१०

विचारलं. पान तिच्या हातात दिलं. बोट ठेवून तिनं अक्षर न् अक्षर वाचलं. म्हटलं, "हे माझ्या फाइलीत ठेवू का? नुसती मान हलवलीस तरी चालेल."

"नको."

म्हणाली! तोंडानं!

मी म्हणालो, "बरं." तिनं पानाची घडी घातली, दप्तरात ठेवली आणि चिकटपट्टी उचलली.

फाइलीत नोंदी चार. उद्या तशीच देणार.

आवाज घोगरा आहे तिचा. मी आपला बारीक धरून चाललो होतो.