थप्पीवरचा शिळा आकडा

५ मार्च १९७४, मंगळवार

आज पुन्हा! दुर्बीण सूर्यावरच्या डागावर लावायची होती, ती सूर्य सोडून भलतीकडेच गेली. अख्खी दुपार वाया.

दुर्बीण चालवणाऱ्या संगणकासाठी माझ्या सहकाऱ्याने, ड्वाइटने, आणलेली ही नवी भाषा मला पहिल्यापासून खटकते. कशालाही नाव नाही. आकडा आला की ठेव थप्पीवर, लागला की उचल वरचा. कुणी ठेवला, कशासाठी – काही पत्ता नाही. माझ्या जुन्या प्रोग्राममध्ये प्रत्येक आकड्याला नाव होतं.

ड्वाइट म्हणतो, "कॅन्टीनमध्ये वरचं ताट उचलतेस, तेव्हा त्याचं नाव विचारतेस का?"

आमचे वेधशाळाप्रमुख प्रुइट साहेब खो खो हसले. त्यांना प्रोग्राम लिहिता येत नाही, पण हे खेळणं भारी आवडलंय. दोन आकडे टाकले, अधिक दाबलं, उत्तर थप्पीवर हजर.

६ मार्च

आज सगळं सुरळीत. त्यामुळेच जास्त संशय येतो.

७ मार्च, गुरुवार

पुन्हा चुकली, आणि माझ्याच पाळीत. दुर्बिणीची दिशा दुरुस्त करायचे आकडे कधी दोन, कधी तीन असतात. म्हणून ड्वाइटचा प्रोग्राम थप्पी संपेपर्यंत सगळ्यांची बेरीज करत सुटतो. तळाशी कुणाचा शिळा आकडा राहिला तर तोही त्यात जातो. म्हणून तर आमचा नियम – टर्मिनलवरून उठताना थप्पी रिकामी करायची. मी करते. मग उरलं कोण?

"मी रिकामी करूनच उठलो होतो," ड्वाइट म्हणाला. नजर चुकवली त्याने. चोराच्या मनात चांदणं! मला ही भाषा जमत नाही, हे दाखवायचंय त्याला.

८ मार्च, शुक्रवार

साहेबांना सांगून टाकलं – ड्वाइट मुद्दाम आकडे मागे सोडतो. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"खात्री आहे तुझी?"

"आहे."

संध्याकाळी ड्वाइट खोक्यात सामान भरून निघाला. कायमचा. साहेबांनी काढलं त्याला. त्याच्या बायकोला दिवस गेलेत. माझ्या टेबलापाशी थांबला. "थप्पी वाईट नसते, लॉर्ना. बसण्याआधी रिकामी आहे का, तेवढं बघत जा."

वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं.

११ मार्च, सोमवार

दुर्बीण पुन्हा सूर्याबाहेर. मी पडद्याकडे बघत बसले होते, तर साहेब बरिटो खात दारात आले. "लॉर्ना, जेवणाच्या सुट्टीत आमच्या बोलिंगच्या गुणांची बेरीज या टर्मिनलवर करून ठेवली होती. रोज इथेच करतो, कधी ठेवतो, कधी पुसतो. एकशे एकाहत्तर होते बघ. गेले कुठे?"