अव्वा माझ्याशी कन्नडात बोलते

म्हैसूर,
फेब्रुवारी १९७४

प्रिय शेषगिरी,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. दुसऱ्यात तू चिडलायस, आणि चिडावंस असंच मी वागलेय. लीड्सला परत येणार की नाही आणि आलीस तर लग्न कधी करायचं, एवढं साधं विचारलंस तू. मी उत्तरात काय धाडलं, तर देवराज मार्केटातल्या मोगऱ्याचं वर्णन! खरं सांगते, मला काही सुधरत नाही रे. सकाळी उठले की वाटतं, जायचं. प्रयोगशाळेतली जागा काही माझ्यासाठी जन्मभर रिकामी ठेवणार नाहीत, आणि तू तरी किती थांबशील? आंघोळ होईपर्यंत वाटतं, नाही जायचं. दुपारी जेवून उठले की दोन्ही एकदम वाटतं. परतीचं तिकीट ट्रंकेत आहे, म्हणून मी ट्रंकच उघडत नाही.

निघताना तू बजावलं होतंस, सुट्टी लोळण्यात घालवू नकोस, वेळेचं सोनं कर. केवढे बेत केले होते आपण! बेट्टदपूरचा डोंगर चढायचा, येलवालच्या मावशीकडे चार दिवस राहायचं, आणि मुख्य म्हणजे अव्वाकडून शिवण शिकून घ्यायची. शिंप्याच्या घरात, अव्वाच्या पोटी जन्मून, धाग्यांवर पदवी घेऊन मला साधा हूक लावता येत नाही, याची तू किती टिंगल केलीस! इथेही तेच चाललंय. विठ्ठलाच्या देवळात भेटेल ती बाई विचारते, लंडनला एवढी शिकलीस, मग आता झंपर तरी येतो का बेतायला? इंग्लंड म्हणजे लंडन, दुसरं गाव त्यांना मान्यच नाही. मी गेले तेव्हा आपलं राज्य म्हैसूर होतं, आले तर त्याचं कर्नाटक झालेलं. म्हटलं, राज्याचं नाव बदललं तर बदलू दे, घर तर तेच आहे.

चामराजपुरमला तुझ्या आईंकडे दोनदा जाऊन आले. त्यांनी पोटभर बिसिबेळे भात वाढला आणि लग्नाचा शब्दही काढला नाही, म्हणजे तू त्यांना सगळं सांगितलेलं दिसतंय. त्यांनाही मी घरचं काही बोलले नाही. आज तुला सांगते.

मी आले त्या दिवशी टांगा दारात थांबला. अप्पा आणि दादा दुकानात गेले होते, गोदावहिनी मागे विहिरीवर. अव्वा ओट्यावर मशीनपाशी. तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, हसली, आणि मला कन्नडात, अहो-जाहो करून म्हणाली, या, बसा, हातातली बाही संपवते आणि तुमचं बघते. तुला ठाऊक आहे आमच्या घरची रीत. गिऱ्हाइकाशी कन्नड, घरच्याशी मराठी. तीही आपली म्हैसुरी, अर्धी कन्नडच, पण मराठी. मला वाटलं, रुसलीय. तीन वर्षं तोंड दाखवलं नाही म्हणून माझी फिरकी घेतेय. मीही कमी नाही. मीसुद्धा कन्नडात म्हटलं, बाई, माझा ब्लाउज झाला का? ती उठली, टेप गळ्यात घातली आणि माझं माप घ्यायला लागली. मी हसत उभी. मग तिने कागदावर आकडे मांडले आणि नाव विचारलं. कावेरी म्हटल्यावर म्हणाली, अय्यो, माझ्या मुलीचंही हेच नाव, ती लंडनला असते.

शेषगिरी, आमच्यात घरच्या बाईचं माप टेपने घेत नाहीत. अव्वा वीत लावते, पाठीवर एक थाप मारते, झालं माप. त्या दिवशी ती थंडगार टेप मानेला लागली तेव्हाच मला कळायला हवं होतं.

वर्षभर तिचं हे विसरणं चाललंय म्हणे. तुझा अभ्यास बिघडेल म्हणून कळवलं नाही, असं अप्पा म्हणाले, आणि मी त्यांच्यावर एवढी ओरडले की शेजारच्या तुंगाबाई धावत आल्या. डॉक्टर म्हणतात, औषध नाही, वाढतच जाईल. बाकी सगळे तिला ओळखू येतात. अप्पांशी भांडते, वहिनीला मीठ कमी पडलं म्हणून बोलते, दूधवाल्याशी हुज्जत घालते. फक्त मीच तिला ठाऊक नाही, कारण तिची कावेरी लंडनला आहे. वहिनीने तिला परोपरीने समजावलं, हीच तुमची कावेरी म्हणून. तेव्हा अव्वा घाबरली. कोपऱ्यात जाऊन बसली, दिवसभर जेवली नाही. तेव्हापासून आम्ही तो नाद सोडला.

मग मी विचार केला, माझे कापलेले केस नडले असतील. तिची कावेरी कंबरेपर्यंत वेणीची. मार्केटात जाऊन गंगावन आणलं, वहिनीने वेणी घालून दिली, अबोलीचा गजरा माळला, आणि मी उभी राहिले अव्वासमोर. तिने वेणी हातात घेऊन निरखली आणि विचारलं, छान आहे हो, केवढ्याला पडलं? वहिनीला हसू आवरेना, मलाही. हसता हसता मी न्हाणीघरात गेले, आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

आता माझी सुट्टी कशी जाते, सांगू? रोज सकाळी मी मागच्या दाराने निघते, वळसा घालून पुढच्या दाराने येते, आणि गिऱ्हाईक होऊन हात पसरून उभी राहते. अव्वा रोज नव्याने माप घेते. खांदा, छाती, बाही, गळा. माप घेताना ती बोलते, आणि बोलते ते सगळं माझ्याबद्दल. माझी मुलगी लहानपणी सुताची रिळं चघळायची. तिला तिकडे भात मिळत नसेल. तिथे एक मुलगा आहे, ती पत्रात त्याचं नाव फार वेळा लिहिते, पण मी विचारत नाही, तीच सांगेल. अरे, हे तिने मला एरवी कधी सांगितलं असतं? मी ऐकते आणि कन्नडात म्हणते, हो का, असं का. वेळ फुकट चाललाय की सार्थकी लागतोय, ते तूच सांग बाबा, मला तरी कळत नाही. बेट्टदपूर राहिलं, येलवाल राहिलं. शिवणही शिकले नाही. गिऱ्हाइकाला कोण शिकवतं?

आणि मग माझंच पत्र आलं. निघण्याआधी मी लीड्सहून टाकलेलं, कुठे अडकलं होतं देव जाणे, माझ्यामागून पोचलं. पोस्टमनने ते निळं पत्र ओट्यावर टाकलं आणि अव्वा अशी उठली म्हणून सांगू! राणीचं तिकीट बघितलं, कापड पारखावं तसा कागद दोन बोटांत धरून बघितला. तिला वाचता येत नाही. समोर मीच होते, तर माझ्या हातात दिलं. मी वाचू लागले. इथे थंडी आहे, मी स्वेटर घालते, काळजी करू नकोस. आणि अव्वा त्या कागदाकडे बघून मराठीत बोलायला लागली. कानाला फडकं बांधतेस का गं? उपाशी नको राहूस, माझ्या राणी. कधी येतेस? मी आहे तोवर ये. शेषगिरी, मी त्या कागदाआड तोंड लपवलं आणि पुढचं मनाचंच वाचत सुटले, पत्र संपलं तरी वाचत राहिले, ती उत्तर देत होती म्हणून.

पुढच्या आठवड्यात मी शहाणपणा केला. आपल्या पोस्टातलं निळं अंतर्देशीय आणून लिहिलं आणि पोस्टमनच्या हातून देववलं. अव्वाने बोटांत धरलं आणि परत केलं. हा कागद आपल्याकडचा आहे, म्हणाली. माझ्या पदवीला जे जमलं नसतं ते तिच्या बोटांनी सांगितलं. त्या दिवसापासून ती ओट्यावर पोस्टमनची वाट बघत बसते आणि मला विचारते, तुमच्याकडे येतात का हो परदेशातून पत्रं?

म्हणून तुला लिहितेय. या पाकिटात मी अव्वाला लिहिलेली काही पत्रं आहेत. तिथल्या पोस्टातून निळी एअरोग्राम आण, हा मजकूर त्यांवर उतरव, आणि थोड्याथोड्या दिवसांनी एकेक टाकत जा. अक्षर तुझं असलं तरी चालेल. वहिनी म्हणते, तू जा, मी वाचून दाखवीन. ती दाखवीलही, माझ्यापेक्षा चांगलं वाचते. पण मग अव्वाचं उत्तर तिलाच ऐकू येईल रे, मला नाही. तू काय विचारलं होतंस आणि मी काय मागतेय, मला कळतंय. तू नाही म्हणालास तरी माझा राग नाही, आणि कुठवर हे करायचं, तेही मला सांगता येत नाही. मजकूर मी मुद्दाम तोकडा ठेवलाय. खाली जागा उरेल, तिथे तुला काय वाटतं ते लिही. तेवढं मी मोठ्याने वाचणार नाही.

तुझीच,
कावेरी