झाशीचे साठ दिवस

खंडेराव गेट, झाशी
४ एप्रिल २००५

चि. मधु यास मार्तंडमामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझी पाठ आता कशी आहे? इकडे माझे गुडघे सोडले तर सर्व क्षेम.

तुमच्या संस्थेने सतरा शहरांत दुकानाचा परवाना किती दिवसांत मिळतो ते मोजायला घेतलं आणि झाशीसाठी विश्वासू माणूस म्हणून तू मामाला नेमलंस, तिथेच चुकलास. पण मी रेल्वेत बत्तीस वर्षं गाड्यांचे उशीर नोंदवलेले. म्हटलं, उशीर मोजावा तर आपणच. बडा बाजारात तुझ्या प्रेमलामामीचं मेतकूट-भाजणीचं दुकान काढायचं ठरवून अर्ज टाकला. (मामीला हे नंतर कळलं.) पंधराव्या दिवशी परवान्याच्या खिडकीवरच्या सक्सेनाबाबूंचा निरोप, "भाईसाहब, लाइसेंस तैयार है, ले जाइए." नेमका त्याच दिवशी इथला पूस लागला. आता पौषात कोणी शुभकार्य करतं का? तो संपला तेव्हा आपला मराठी पौष अजून पंधरवडाभर शिल्लक. आपलं घर दोन्ही पंचांगांशी गोडी ठेवणारं, दोन्ही पाळले. बाबूंनी आणखी दोनदा निरोप धाडला, दोन्ही वेळा मी त्यांनाच शास्त्र शिकवलं. साठाव्या दिवशी परवाना हातात घेतला आणि तुमच्या कागदावर 'अर्जापासून परवाना हातात येईपर्यंत' या रकान्यात प्रामाणिकपणे साठ लिहिले.

आता तुमची यादी आली. झाशी सतरावी. (शेजारचं एवढंसं चिरगाँव यादीत नव्हतं म्हणून, नाहीतर अठरावी.) बडा बाजारात सगळे व्यवस्थेच्या नावाने खडे फोडतात, आणि सगळ्यांत मोठा आवाज माझा असतो.

सौ. बकुळला आशीर्वाद. तिला म्हणावं, भाजणी पाठवतो.

तुझा,
मार्तंडमामा

ता.क. सक्सेनाबाबूंवर दिरंगाईचा ठपका आला आहे. अठरा तारखेला चौकशी, बढती हातची जाणार म्हणतात. तेवढे साठाचे पंधरा करून संस्थेचं पत्र पाठव. कारण 'लेखनिकाची चूक' असं घाल. माझं नाव नको, मला बाजारात तोंड दाखवायचं आहे.

आणखी ता.क. पाकीट चिकटवणार तोच दारात बाबू. मला वाटलं, भांडायला आले. तर म्हणाले, "भाभीजी, दुकान की पहली बोहनी हमसे कराइए, आधा किलो तौल दीजिए." चौकशीचा शब्दही काढला नाही. फार लाज वाटली रे. तेव्हा वरचं खोड. चूक माझी आहे, माझं पूर्ण नाव पत्त्यासकट घाल. अठरा तारखेला मी स्वतः जाऊन साहेबांना सांगणार आहे. मामी बरोबर येते आहे. तिचं म्हणणं, एकटा गेलो तर मी कचेरीच्या गेटापासूनच परत येईन.