वजनदार पॉवर सप्लाय

बुवापाडा, अंबरनाथ
१२ फेब्रुवारी २००६

तीर्थरूप दाजी यांस,

भगवानचा सविनय जयभीम. अक्कालाही सांगावा. तिच्या गुडघ्याला मनमाडच्या त्या वैद्याच्या तेलाने उतार पडला, की तेल नुसतंच चादरीला लागलं, ते कळवावं. इकडे आम्ही बरे आहोत. सरस्वतीला खोकला आहे, पण मला काही सुनावायची वेळ आली की तो आपोआप थांबतो.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण एसटीडीवर माणूस घाईत भलतंच खरं बोलून जातो. पत्रात विचार करून लिहिता येतं. तर आमचा कॉम्प्युटर. मैत्रेयीचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्यात आहे आणि तो या महिनाअखेर कॉलेजात द्यायचा आहे. गेल्या महिन्यात एका दुपारी लोडशेडिंग संपून लाईट आली आणि कॉम्प्युटरच्या मागून फट्ट आवाज झाला. जळका वास मी लगेच ओळखला (एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंग खात्यात एकतीस वर्षं असलेच वास घेऊन निवृत्त झालोय). मैत्रेयीला विचारलं, प्रोजेक्टची कॉपी काढून ठेवली होतीस ना? ती म्हणाली, काढणार होते.

संध्याकाळी तिने सांगितलं की बहुतेक फक्त पॉवर सप्लाय गेलाय. (हा एक पत्र्याचा डबा असतो. भिंतीतली वीज घेऊन ती कॉम्प्युटरला पचेल इतकी सौम्य करून देतो. आजारी माणसाला भाताची पेज देतात तसं.) मैत्रिणींना विचारून तिने उल्हासनगरच्या एका दुकानाचं नाव आणलं होतं. मी म्हटलं, अंबरनाथ स्टेशनजवळ आपल्या हरीचं दुकान असताना परक्याच्या दारात का जायचं? दाजी, तुमचा धाकटा भाऊ म्हणजे माझाही भाऊच. शिवाय तुमच्या नातवाच्या बारशाला तुम्हीच पंगतीत म्हणाला होतात, कॉम्प्युटरचं काही लागलं तर हरीकडेच जा.

हरीने दोन डबे पुढ्यात ठेवले. मी एकेका हातात एकेक धरला. एक हलका लागला, दुसरा चांगला ठणठणीत. आता एकतीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलोय, की तांबं कमी घातलं की माल हलका होतो. हे मी हरीला आणि दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांनाही समजावून सांगितलं (एक जण वही काढून लिहून घेत होता, निदान मला तसं वाटलं). जड डबा घेतला आणि घरी आलो.

कॉम्प्युटर सुरू झाला. प्रोजेक्टही जागेवर होता. पण दर दहा-पंधरा मिनिटांनी तो आपणहून बंद पडायचा आणि आपणहून जागा व्हायचा, बसल्या बसल्या डुलकी घेणाऱ्या माणसासारखा. मैत्रेयी एक ओळ लिहायची, सेव्ह करायची, श्वास घ्यायची. पाचव्या दिवशी पुन्हा तोच वास. मग मात्र मी डबा उघडला. (उघडू नये असं वर चिकटवलेलं होतं, पण त्याखालचे स्क्रू स्वच्छ दिसत होते.) आत इवलीशी पट्टी, चार सुटे भाग आणि तळाला काळा रंग देऊन चिकटवलेला सिमेंटचा ठोकळा. सरस्वतीने तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, न्हाणीघराच्या पायरीला हाच कमी पडत होता.

मी तो ठोकळा नेऊन हरीला शांतपणे दाखवला. त्यानेही शांतपणे पाहिला.

मग मैत्रेयीबरोबर रिक्षाने उल्हासनगरला गेलो. दुकान एका बोळात, एका साठीच्या सिंधी बाईंचं. लाजवंतीभाभी म्हणतात त्यांना. पूर्वी तिथे यजमान रेडिओ दुरुस्त करायचे, आता या कॉम्प्युटर करतात. मी सवयीने समोरचा डबा उचलून हातात तोलायला लागलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"वजन करना है तो सब्जीवाले के पास जाओ, बाबूजी. यहाँ लोड देके देखते हैं."

त्यांनी आधी मैत्रेयीला कॉम्प्युटरमध्ये काय काय बसवलंय ते विचारलं (हा प्रश्न मला कुठे सुचलाच नव्हता). मग एक डबा काढून त्याच्या पिवळ्या वायरला मोटारीच्या हेडलाईटचा दिवा जोडला आणि आम्हाला पाणी आणि पापड देऊन अर्धा तास बसवून ठेवलं. दिवा जरा मंदावला असता तर त्या तो डबा आम्हाला देणार नव्हत्या. तो मंदावला नाही. मी विचारलं, तरीही जळला तर? त्या म्हणाल्या, "मैं इधरइच बैठती हूँ. आके झगडा करना."

दाजी, दुकान कसं निवडावं याचं इतकं सोपं उत्तर मला कोणी दिलं नव्हतं. भांडायला गेलं की माणूस जागेवर सापडला पाहिजे. कॉम्प्युटर आता नीट चालतो. प्रोजेक्ट होत आला. सगळं क्षेमकुशल.

आपला,
भगवान

ता.क. हरीला ठोकळा शांतपणे दाखवला असं वर लिहिलंय, ते तितकंसं बरोबर नाही. दुकानात सहा-सात गिऱ्हाइकं होती. मी तो काउंटरवर आपटला आणि म्हणालो, "हरी, तुझ्या बंगल्याची कोनशिला आणलीय." मग ठोकळा उचलून परत आलो.

ता.क. २. लाजवंतीभाभींना तो ठोकळा दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, असा माल सीलबंद येतो, दुकानदाराला काय कळणार? त्यांनाही एकदा तसाच आला होता. आणि खरं सांगायचं तर हरी त्या दिवशी म्हणाला होता, "दादा, हा माल नवीन आहे, मी अजून लावून बघितला नाही, हलका घ्या." ते मी वर लिहायला विसरलो. आता तो मैत्रेयीच्या साखरपुड्याला येणार नाही या विचाराने जेवण जात नाही. आपण थोरले आहात. आपण त्याला दोन शब्द सांगावेत.

दाजी, सरस्वतीचा जयभीम. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून खाली लिहिते. हे माफी मागायला हरीभाऊजींच्या दुकानात तीनदा जाऊन आले आणि दरवेळी एकेक माऊस विकत घेऊन आले. काल हे बाहेर गेले असताना भाऊजी स्वतः येऊन जेवून गेले. राग वगैरे काही नाही, साखरपुड्याला येणार आहेत. फक्त म्हणाले, दादांना एवढ्यात सांगू नका वहिनी, अजून कीबोर्ड खपायचे आहेत.