आठ महिन्यांची खुर्ची

मुखेड,
दि. ९ मे २०२६

प्रिय लता,

सलाम घे आणि नमस्कारही घे. मालविकाला अन् बाळाला माझी दुवा. पोरगी झाली म्हणून तुझ्या विहीणबाईंनी तोंड वाकडं केलं असेल तर कळव, मी लातूरला येऊन त्यांचा नागरिकशास्त्राचा तास घेते. बाळंतिणीला डिंकाचे लाडू बेतानं दे, उन्हाळा आहे. इकडचं ऊन तर विचारूच नको. निजामोद्दीनचं मोटार वायंडिंगचं दुकान तेवढं जोरात आहे, अख्ख्या मुखेडचे कूलर एकदमच जळून राहिलेत. घरचा कूलर मात्र तसाच बंद आहे. मोटारवाल्याच्या बायकोनं घाम पुसत बसायचं, ही आमची रीत.

तू जाताना दिलेली आंब्याची पेटी संपली. आंबे गोड निघाले.

पेटीसोबत दिलेल्या कागदाचं तू फोनवर दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा मी गॅसवर दूध आहे म्हणाले. दूध नव्हतं गं. फोनवर तू "आपा, ऐका ना" म्हणतेस आणि मग मी ऐकतच बसते, म्हणून हे पत्र.

सही केली आहे. काळजी करू नकोस.

परवा दुपारी भांडी झाल्यावर केली. कागद तसा छोटाच आहे. शाळेतली सर्वांत ज्येष्ठ शिक्षिका मी, मोठ्या मॅडम या महिन्याअखेर निवृत्त होतात, त्यांच्या जागेवरचा माझा हक्क मी स्वखुशीनं सोडते, आणि माझ्यामागं ज्येष्ठ असलेल्या सौ. लता रेणुकादास देगलूरकर यांना मुख्याध्यापिका करायला माझी काही हरकत नाही. खाली माझं नाव टाइप केलेलंच होतं. मी नावावर पेन टेकवला, एवढंच.

मला राग यायला पाहिजे होता, लता. आला नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो ना, मग गाल आपला आपल्याला लागत नाही, तसं झालंय. जेवते, झोपते, टीव्हीवरच्या मालिका बघते. निजामोद्दीननं विचारलं, "काय झालं गं तुला?" मी म्हणाले, "काय झालं न्हाई." तो म्हणाला, "आठ महिन्यांसाठी कशाला डोक्याला ताप? जानेवारीत तर सुटतीस. पेन्शनीचं बघ." त्याचं बरोबरच आहे. त्या दिवशी ऑफिसात सचिव अमृतराव पण हेच म्हणाले होते, आठ महिन्यांसाठी कशाला. तूही मान हलवलीस.

आठ महिन्यांवरून एक सांगते. नववी अ मध्ये मी दरवर्षी वर्गाचं सर्वोच्च न्यायालय भरवते, ते तुला ठाऊक आहेच. तू त्याला आपाचा तमाशा म्हणतेस. जूनमध्ये पोरं एकेक करून शपथ घेतात, आणि जो आधी शपथ घेईल तो ज्येष्ठ. दिल्लीतसुद्धा तसंच आहे. एकाच दिवशी दोन न्यायमूर्ती आले तर आधी शपथ कुणी घेतली ते बघतात, आणि त्यावरून कितीतरी वर्षांनी सरन्यायाधीश कोण होणार ते ठरतं. पोरांना हे लई आवडतं. रांगेत पुढं घुसायला नुसती मारामारी. एकाची मुदत संपली की पुढचा आपोआप वर चढतो. डस्टर कुणी फाडलं, खिडकीजवळची जागा कुणाची, असले खटले चालतात. सरन्यायाधीश कोण ते मीसुद्धा ठरवू शकत नाही, असा माझाच नियम आहे.

यंदा सृष्टी नावाची एक पोरगी होती. शेवटच्या बाकावरची, बोलायची नाही. शपथेच्या दिवशी रांगेत सगळ्यांच्या मागं राहिली, त्यामुळं तिचा नंबर लागला तो थेट परीक्षेच्या तोंडावर. पोरं म्हणाली, "मॅडम, आठवडाच राहिला, आता कशाला? आहे तोच चालू द्या." मी अशी तापले! मी म्हणाले, दिल्लीत एक सरन्यायाधीश होऊन गेले, त्यांना तीन आठवडेसुद्धा पुरे मिळाले नाहीत. कुणी म्हणालं का, एवढ्यासाठी कशाला? पाळी आली की बसायचं. पोरगी बसली. एकच खटला ऐकला आणि दोन्ही पोरांना वर्ग झाडायला लावला. चांगला निकाल होता.

बघ, तेव्हा मला राग येत होता. मार्चअखेरची गोष्ट आहे.

दुसरं म्हणजे ते त्र्याहत्तर सालचं. सरन्यायाधीश निवृत्त झाले आणि सरकारनं त्यांच्यामागचे तीन ज्येष्ठ न्यायमूर्ती बाजूला सारून चौथ्याला वर बसवलं. तिघांनी राजीनामे दिले. पुढं चार वर्षांनी पुन्हा तसंच. आणीबाणीत सगळ्यांच्या विरोधात एकट्यानं निकाल लिहिणाऱ्याला डावललं, त्यानंही राजीनामा दिला. हा धडा मी दरवर्षी टेबलावर हात आपटून शिकवते. "खुर्ची कशी येते ते महत्त्वाचं, पोरांनो!" शेजारच्या वर्गातून तू दार वाजवायचीस, हळू आपा, हळू.

पण परवा सही करताना डोक्यात आलं ते वेगळंच. त्या चौथ्याबद्दल मी वर्गात कधी काही बोललेच नाही. त्या दिवशी तो घरी गेला असेल, जेवला असेल. बायकोनं काहीतरी विचारलं असेल. सकाळी त्या तिघांपैकी कुणी समोर आलं असतं तर त्यानं काय म्हटलं असतं? पुस्तकात हे नाही. मला तुझी आठवण आली. यात टोमणा नाही, खरंच आठवण आली.

अमृतराव सचिव आहेत, त्यांना संस्था चालवायची आहे. त्या दिवशी ऑफिसात त्यांनी मला का नको ते जे कारण सांगितलं, ते काही इथं लिहीत बसत नाही. तू तिथंच होतीस, मोबाईलमध्ये काहीतरी बघत होतीस.

सोमवारी त्यांच्याच गाडीतून नांदेडला जायचं आहे. हक्क सोडणाऱ्याला शिक्षणाधिकारी समोर बसवून विचारतात, स्वखुशीनं सोडता ना, म्हणून. हो म्हणायचं, की झालं. येताना तुझ्या नातीसाठी झबली बघते.

रेणुकादासरावांना नमस्कार. त्यांच्या गुडघ्याचं कळव.

तुझी,
आपा


मुखेड,
दि. १२ मे २०२६

लता,

झबली आणली नाहीत. वेळच मिळाला नाही.

काल काय झालं ते तुला अमृतरावांनी फोन करून सांगितलंच असेल. मी सांगते ते वेगळं असेल, म्हणून लिहिते. कुणाचं खरं मानायचं ते तू बघ.

सकाळी गाडी दारात आली. मी इस्त्रीची साडी नेसले होते, ती निळ्या काठाची, पंधरा ऑगस्टची. निजामोद्दीन म्हणाला, हक्क सोडायला चाललीस का घ्यायला? मला हसू आलं नाही. मी मागं बसले, अमृतराव पुढं. नायगावला चहाला थांबलो. त्यांनी माझ्यासाठी बिनसाखरेचा मागवला. मला साखर नाही, त्यांच्या बायकोला आहे. मी प्यायले.

चहा पिताना माणूस मोकळा झाला. म्हणाले, "मॅडम, तुमच्याबद्दल आमच्या मनात काही म्हणजे काहीच नाही. पण सध्याचं वातावरण तुम्ही बघताच. मुख्याध्यापिकेच्या पाटीवर शेख नाव आलं की पालक दहा प्रश्न विचारतात. पलीकडं दोन इंग्रजी शाळा तोंड उघडून बसल्यात. पोरं गेली की तुकड्या गेल्या, तुकड्या गेल्या की शिक्षक गेले." त्या दिवशी ऑफिसात म्हणाले होते, तेच. पहिल्या पत्रात मी लिहिलं नव्हतं, आता लिहिलं.

माझ्या हाताखालून गावातली किती पोरं गेली, त्यांचे आईबापसुद्धा मीच शिकवले, हे त्यांना सांगावं असं वाटलंसुद्धा नाही. मी कप धरून बसले होते.

मग ते म्हणाले, "मला तुमची धास्तीच होती बघा. तुम्ही कायदा शिकवणाऱ्या बाई. पण लताबाईंनीच सांगितलं, बिनधास्त कागद करा, आपा नाही म्हणणार नाहीत. मी बोलते त्यांच्याशी."

लता, कागद तुझा होता? मला वाटलं होतं, तो तुझ्या हातात नुसता दिला असेल. तुला पण बिचारीला अवघड झालं असेल, म्हणून तू आंब्याची पेटी आणली असशील. मी तुझ्या बाजूनं किती विचार करून ठेवला होता, हे बघून माझं मलाच नवल वाटलं.

तरी गाडीत बसले. अख्खा रस्ता अमृतराव सिमेंटचे भाव सांगत होते.

शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात गर्दी होती. साहेबांनी कागद बघितला, मान वर न करता विचारलं, "शेख मॅडम, हक्क स्वखुशीनं सोडताय ना?" मी हो म्हणायलाच गेले होते, खरं सांगते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात अमृतराव म्हणाले, "हो हो साहेब, खुशीनंच. मॅडम लई समजूतदार हायत."

साहेबांनी लिहायला पेन टेकवला.

माझं उत्तर त्यांनी दिलं. आणि त्यांच्याआधी तू देऊन ठेवलं होतंस. मी तिथं गेले कशाला, असं मला वाटलं. नुसती साडी पाठवली असती तरी चाललं असतं.

मी म्हणाले, "न्हाई."

साहेबांनी मान वर केली. "काय नाही?"

"खुशी न्हाई. सही माझीच हाय. पण खुशी न्हाई, साहेब."

"कुणाचा दबाव आहे का?"

मी म्हणाले, "दबावाचं लिहू नका. एवढंच लिहा, हक्क सोडायला नकार."

त्यांनी तसं लिहिलं आणि मला पुन्हा सही करायला लावली. या वेळी नाव टाइप केलेलं नव्हतं, मी स्वतः लिहिलं. अमृतराव बाहेर येऊन म्हणाले, "मॅडम, तुम्ही आमचा विश्वासघात केला." मी म्हणाले, "तुम्ही जेवून घ्या, दुपार झाली." ते मला न घेताच निघून गेले. मी रिक्षानं बसस्टँडवर आले, मुखेडची गाडी लागलेलीच होती.

तुला वाटेल, आपानं मैदान मारलं. तसलं काही वाटलं नाही गं. खिडकीजवळ जागा मिळाली, तेवढं बरं वाटलं. घरी आल्यावर निजामोद्दीनला सांगितलं. तो उठला आणि दुकानातून आणलेली मोटार घरच्या कूलरला बसवायला लागला. मी त्याला टॉर्च धरला. रडू आलं नाही. येईल कधीतरी.

संस्था कोर्टात जाणार, असं आज सकाळी कळलं. जाऊ देत. निकाल लागेपर्यंत माझा जानेवारी येऊनही जाईल, अमृतरावांना ते माहीत आहे. दिल्लीतले ते तिघं राजीनामा देऊन मोकळे झाले. मी राजीनामा देणार नाही. तसा मोठेपणा माझ्याजवळ नाही, आणि पेन्शनीचं निजामोद्दीन म्हणतो ते खरंच आहे. एक जूनला मी त्या खुर्चीवर जाऊन बसणार. कुणी उठवलं तर उठेन, पण माझी मी उठणार नाही. आठ महिने मिळोत का आठ दिवस.

तुझ्यावर राग आहे का, हे तू विचारशील. शोधते आहे. सापडला की कळवते. सध्या एवढंच कळतं, की इतकी वर्षं एका डब्यात जेवलो आणि तुला माझ्याबद्दल जे पक्कं ठाऊक होतं ते अगदी खरं होतं. मी कुणाला नाही म्हणत नव्हते. तू ते अमृतरावांना देऊन टाकलंस, याचं वाईट वाटायला पाहिजे. वाटेल.

शाळा पंधरा जूनला भरते. तू ये. नववी ब तुझ्याकडंच राहील, वेळापत्रक मी करते आहे, तुला पहिला तास ठेवत नाही, लातूरहून येशील तेव्हा दमशील. मालविकाला सांग, मावशीनं झबली आणायची राहिली, पण आणणार आहे. तिच्यावर आणि पोरीवर माझं काही नाही.

ऑफिसात भेटू. बाहेर बाकावर थांबायची गरज नाही, सरळ आत ये. आपा म्हणायचं का मॅडम, ते दारातच ठरवून ये.

शेख चांदबी निजामोद्दीन
सेवाज्येष्ठ शिक्षिका