लाल दिव्याखालचं पाकीट

देगू, सोमवार

तीर्थरूप ताई,

धाकट्या दोक्सूचा साष्टांग नमस्कार. एरवी पत्रातला नमस्कार मी खुर्चीत बसूनच लिहितो. आजचा मात्र खरोखर जमिनीला कपाळ टेकून घातला आणि मग पेन उचललं. (बायकोने पाहिलं आणि काय हरवलं म्हणून विचारलं. अब्रू, असं म्हणालो. मग पलंगाखाली कशाला शोधताय, म्हणाली.) तुझा नवा गुडघा कसा आहे? दुकानाच्या पायऱ्या उतरतेस का? भावजींची सुकी मासळी यंदा चांगली खपतेय असं तुझी उन्सोल म्हणत होती. सगळं ठीक असू दे, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना घरात निदान एक गोष्ट तरी ठीक असलेली बरी.

आंदोंगहून, मुलाच्या घरून, तुझ्या कानावर काहीतरी आलंच असेल. उन्सोलसाठी ठरलेल्या मुलाच्या जन्मवेळेचा कागद परवा आपल्या हाती पडायचा होता, तो पडला नाही. तो आल्याशिवाय लग्नाची तारीख काढता येत नाही, आणि तो कधी येईल, येईल की नाही, हे कोणीच सांगत नाही. हे सगळं तुझ्या लेकीच्या मामामुळे झालं. फोनवर सांगायची छाती झाली नाही म्हणून लिहितोय.

पहिल्या भेटीच्या जेवणाला तू गुडघ्यामुळे येऊ शकली नाहीस आणि मला पाठवलंस. निघताना तीन गोष्टी बजावल्यास: कमी पी, कमी बोल, आणि छापखान्याचा विषय काढू नकोस. त्यातल्या दोन पाळल्या असत्या तरी निभावलं असतं. मुलाचे आजोबा क्वॉन ब्योंगहा अठ्ठ्याऐंशीचे, निवृत्त हेडमास्तर, न्यूमोनियातून नुकते उठलेले. त्या घरात त्यांच्या शब्दावाचून पान हलत नाही. त्यांचा एकही धड फोटो नाही, असं मुलाची आई सहज म्हणाली. बस्स. मी वाटी खाली ठेवली आणि म्हणालो, मी काढतो, आणि खऱ्या फिल्मवर काढतो. (उन्सोलने टेबलाखालून लाथ मारली. मला वाटलं कौतुकाने मारली.)

आता ती फिल्म कसली, तर छापखाना बंद झाला तेव्हा मालकाने उरलेली खोकी माझ्या गळ्यात मारली, ती. अक्षरांसाठी केलेली फिल्म आहे ती ताई. काळं ते काळं, पांढरं ते पांढरं, अधलंमधलं तिला ठाऊक नाही. आणि माणसाचा चेहरा तर सगळा अधलामधलाच. शिवाय लाल रंग तिला दिसत नाही, जे जे लाल ते ते काळं. म्हणून तर लाल दिवा लावून तिच्यासमोर खुशाल काम करता येतं. एकतीस वर्षं त्या लाल दिव्याखाली मी पोट भरलं. हे ध्यानात ठेव, म्हणजे पुढे मला किती शिव्या द्यायच्या याचा अंदाज येईल.

फोटो त्यांच्या घरी ओसरीवर काढला, तीन-चार फिल्मवर. फिल्म इतकी मंद की बारा सेकंद हलायचं नाही. आजोबा शिस्तीचे; हलू नका म्हटलं तर त्यांनी श्वासही रोखला, डोळे एका जागी लावले. तेवढ्यात मुलाची आई नाशपातीच्या फोडी घेऊन बाहेर आली. सासरे ताठ, निश्चल, आणि समोर काळ्या कापडात डोकं खुपसलेला मी. तिच्या हातातलं ताट पडलं आणि ती किंचाळली. आजोबा तरीही हलले नाहीत. बारा सेकंद झाल्यावर शांतपणे म्हणाले, सूनबाई, फोडी उचल.

घरी न्हाणीघरात फिल्म धुवायला बसलो. पहिली नेहमीच्या तीव्र डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, टाकली, तर दाढी कापसासारखी आणि नाक-गाल कोळशाच्या पोत्यातून काढलेले. (आजोबांचा चेहरा लालबुंद. तांदळाच्या दारूचा हातभार असावा, पण मी कोण बोलणारा.) दुसरीही तशीच. मग पाहुणे वाढले की रश्शात पाणी घालतात तसं डेव्हलपरमध्ये पाणी वाढवत गेलो, आणि शेवटची फिल्म हळूहळू उमटली. लाल दिव्यात डोळ्यांदेखत डोळे आले, भुवया आल्या, कपाळावरची एकेक आठी आली, आणि अधलंमधलंही आलं. मला रडू फुटलं, खरं सांगतो. छापखाना सुटल्यापासून हाताने काही चांगलं झालं नव्हतं. त्या फिल्मवरून फोटो छापला आणि तिथेच दोरीवर वाळत टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्सोलबरोबर आंदोंगला कागद आणायला निघायच्या आधी न्हाणीघरात कॅमेऱ्यात नवी फिल्म भरत होतो. (कागद मिळाल्यावर दोघांचा फोटो काढू, असा बेत.) फिल्मचं खोकं उघडं, म्हणून लाल दिवाच लावलेला. तिथेच फोटो पाकिटात घातला आणि वर आजोबांचं नाव लिहायला घेतलं. पेन उमटेना. पेन बिघडलं तर माणूस कोपऱ्यात रेघोट्या मारतो, पण आजोबांच्या पाकिटावर रेघोट्या मारणं मला उद्धटपणाचं वाटलं. म्हणून दर वेळी आदराने त्यांचं पूर्ण नावच लिहायचा प्रयत्न केला. नऊ वेळा केला. शेवटी कागद फाटेस्तोवर दाबलं, पेनला शिवी दिली, दुसरं घेतलं, त्याने छान काळं उमटलं. पाकीट तू सांगितलेल्या रेशमी कापडात तिथेच बांधलं आणि निघालो.

ताई, लाल दिव्याखाली लाल शाई दिसत नाही.

जिवंत माणसाचं नाव लाल शाईने लिहू नये, ते मेलेल्याचं, हे आईने आपल्याला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं. आंदोंगच्या त्या घरात मुलाच्या आईने गाठ सोडली तेव्हा नुकत्याच मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाचं नाव पाकिटावर नऊ वेळा लालभडक लिहिलेलं होतं, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त रागाने. जन्मवेळेचा कागद शेजारीच चौरंगावर होता, तो तिने उचलून आत नेला. आजोबा उठून खोलीत गेले. मधलं मला नीटसं आठवत नाही. आम्ही बसने परत आलो.

तुझा नालायक भाऊ,
दोक्सू

ता. क. मासळीचं पार्सल या महिन्यात पाठवू नकोस. मला ते गिळवणार नाही.

ता. क. दोन. नीटसं आठवत नाही असं वर लिहिलं ते खोटं. आठवतं. मुलाच्या आईने विचारलं, हे कोणी लिहिलं? मी चटईच्या विणीकडे बघत बसलो. विचारलं तिने एकदाच, पण मला ती चटई पाठ झाली. मग उन्सोल म्हणाली, “मी लिहिलं. पेन चालतंय का बघत होते. चूक झाली.” आणि डोकं टेकवलं. मी गप्प राहिलो. एकतीस वर्षं लाल दिव्याखाली बसलेला माणूस मी, दोन वाक्यांत उलगडून सांगू शकलो असतो. येताना बसमध्ये तिने संत्रं सोललं आणि अर्धं मला दिलं. आणि ताई, मी ते खाल्लं.

ता. क. तीन, गुरुवार. पत्र तीन दिवस खणात पडून होतं. काल एकटाच आंदोंगला गेलो, लाल दिवा आणि तेच पेन घेऊन. आजोबांना सगळं सांगितलं. त्यांनी प्रयोग करून दाखवा म्हणून फर्मावलं. धान्याच्या कोठीत दार लावून दिवा लावला. त्यांनी पेन घेऊन कागदावर काहीतरी लिहिलं, दिसलं नाही. दार उघडलं तर सुंदर वळणदार अक्षरांत, लाल शाईत, माझं नाव होतं.

“आता बरोबरी झाली, मामासाहेब,” म्हणाले. “आणि मी चाळीस वर्षं मास्तर होतो. पोरीचं नववर्षाचं पत्र माझ्याकडे आहे. पाकिटावरचं अक्षर तिचं नव्हतं हे मला तेव्हाच कळलं. तुम्हाला किती दिवस लागतात ते बघत होतो.”

मी म्हणालो, चार. ते म्हणाले, इतके लागायला नको होते. मग सूनबाईंना हाक मारून जन्मवेळेचा कागद आणवला आणि माझ्या हातात दिला. फोटोबद्दल चकार शब्द काढला नाही, पण निघताना पाहिलं तर तो भिंतीवर होता.

आता ज्यासाठी हे पत्र, ते. शनिवारी कागद घेऊन उन्सोलबरोबर तुझ्याकडे येतो. तिला अजून काही बोललेलो नाही. धीर झाला नाही. तू भावजींना, काकूंना, सगळ्यांना बसवून ठेव. कागद देण्याआधी त्या दिवशी कोणी लिहिलं आणि कोण गप्प बसलं हे मी सर्वांसमोर तिला सांगणार आहे. मी तोंड उघडलं की ती “राहू दे ना मामा” म्हणेल. तिचा स्वभावच तसा. तेवढं तिला म्हणू देऊ नकोस.