माशांचा पंखा

पप्पा, परवा ऑफिसमधल्या एकाने विचारलं, उन्हाळ्यात फिशटँकचं पाणी गार कसं ठेवायचं. मी त्याला कागदावर अख्खं सर्किट काढून दिलं, कुठे अडलोच नाही. घरी आलो आणि तुम्हाला लिहायला बसलो.

आपला सिडकोतला फ्लॅट, वरचा मजला, मे महिना. तुमची केमो चालू आहे, अंगाची नुसती आग होतेय, आणि घरातला एकुलता एक कूलर तुम्ही टँककडे तोंड करून ठेवलाय. आई चिडते, "माणसापेक्षा मासे मोठे झाले का?" तुम्ही पडल्या पडल्या म्हणता, "मला उकडलं तर मी बोंब मारेन गं. ते कोणाला सांगतील?" मी गुपचूप कूलर तुमच्याकडे फिरवायचो. तुम्ही भिंत धरत उठायचात आणि परत तिकडे करायचात.

म्हणून मी पंखा करायला घेतला. जुन्या कॉम्प्युटरचे छोटे फॅन, एक अडॅप्टर, पाण्यात सोडायचा सेन्सर. पाणी तापलं की फॅन आपोआप चालू, गार झालं की बंद. टँकचं थर्मामीटर फुटलेलं, म्हणून सेटिंगसाठी मी तुमचं तापाचं घेतलं. पारा हलेचना. तुम्ही कॉटवरून बघत होतात. "अरे, ते पस्तिसाच्या खाली बोलतच नाही. माशांना ताप यायची वाट बघतोयस का?" खूप दिवसांनी हसलात, मग बराच वेळ खोकत राहिलात.

मी टँकचं नवीन थर्मामीटर आणलं. एका दुपारी फॅन चालू-बंद करणारा रिले टक् वाजला, फॅन फिरले, पाण्यावर बारीक लाटा उठल्या. तुम्हाला पटेना. "नुसत्या वाऱ्याने गार होईल?"

"माठ नाही का होत," आई म्हणाली.

हळूहळू पारा उतरला. तुम्ही काचेला नाक लावून खात्री करून घेतलीत, आणि म्हणालात, "फिरव आता कूलर." त्या दुपारी तुम्ही झोपलात. शर्टाची बाही वाऱ्याने हलतेय, आणि आई भांड्यांचा आवाज न करता ओट्यापाशी उभी आहे.

पाऊस यायच्या आत तुम्ही गेलात. हे पत्र मी कुठे टाकणार, ड्रॉवरमध्येच राहील. पण एक सांगायचं होतं. तुम्ही आत्याला कौतुकाने म्हणायचात, "माशांचं वेड आहे पोराला, माझ्यावर गेलाय." पप्पा, मला मासे कधीच आवडले नाहीत.